प्रदक्षिणेच्या वाटेवरील काटे



कीर्तन आटोपते, आरती होते, बुक्का लावून मंडळी आपापल्या घरी पांगतात. दोनचार जण मात्र खांबाशी घुटमळत मागे राहतात. गावोगाव हिंडून आम्हांला एवढे कळले आहे की, या मागे राहणाऱ्यांतील निम्म्यांना द्वैत-अद्वैताविषयी काही पुसावयाचे नसते. ते हळूच जवळ सरकतात आणि म्हणतात, "महाराज, माळ गळ्यात आहे, एकादशी सुटत नाही, आषाढीची वारी कधी चुकवली नाही. पण शेजाऱ्याशी वाकडे आले आहे. त्याचे तोंड दिसले की नामसुद्धा ओठावर राहात नाही. काय करावे?" म्हणजे प्रश्न मोक्षाचा नव्हे, मोरीच्या पाण्याचा! पण आम्ही त्याला हसत नाही. मोक्ष दूर आहे, मोरी दाराशी आहे. आणि त्या बोटभर पाण्यात घरेच्या घरे वाहून गेलेली आम्ही पाहिली आहेत. म्हणून या महिन्यात तेवढाच विषय घेऊ.

पाठशाळेत असताना पंचतंत्र आम्हांला शिकावे लागे. त्याच्या पाचव्या तंत्रात, अपरीक्षितकारकात, एका राजवाड्याची गोष्ट आहे. राजपुत्रांच्या करमणुकीसाठी वाड्यात वानरांचा कळप पाळलेला होता, आणि लहानग्यांना बसायला मेंढे होते. त्यांतला एक मेंढा जिभेचा चटोर. रात्र म्हणू नये, दिवस म्हणू नये, मुदपाकखान्यात घुसावे आणि दिसेल ते खावे. आचारी हाताला लागेल ते घेऊन त्याला हाणीत. कधी लाकूड, कधी मडके, कधी पितळी भांडे. रोजचेच झाले ते. कळपातल्या म्हाताऱ्या वानराने मात्र हे पाहिले आणि आपल्या मंडळींना सांगितले, "बाबांनो, मेंढ्याचे आणि आचाऱ्यांचे हे भांडण आपल्या जिवावर येणार आहे. वाडा सोडा, रानात चला." वानर हसले. मेंढा कुठे, आचारी कुठे, आपण कुठे! राजाघरचे गोडधोड टाकून रानातली तुरट फळे कोण खाणार? म्हातारा एकटाच निघून गेला.

मग एके दिवशी आचाऱ्याच्या हाताला दुसरे काही लागले नाही, चुलीतले जळते लाकूड लागले. तेच त्याने हाणले. मेंढ्याची लोकर पेटली. तो ओरडत शेजारच्या घोड्यांच्या पागेत शिरला आणि गवतावर लोळला. गवत पेटले, पागा पेटली, किती घोडे मेले, कित्येकांचे डोळे गेले. अश्ववैद्य आले, त्यांनी शास्त्र पाहून सांगितले की, भाजलेल्या घोड्यांना वानराची चरबी लावावी. राजाने कळपातले सगळे वानर मारविले.

या कथेत आचारी दुष्ट नाही, हे ध्यानात घ्या. चोरून खाणाऱ्या मेंढ्याला त्याने मारले, यात त्याचे काय चुकले? रोज मारीत होता तसेच मारले. फक्त त्या दिवशी हाताशी आले ते लाकूड जळते होते. शेजाऱ्यांच्या भांडणात असेच होते. रोजची कुरबुर ती रोजचीच असते. पण एखाद्या दिवशी हाताशी काय येईल ते सांगता येत नाही. (कथा पुढे आहे. तो शहाणा म्हातारा वानर राजावर मोठा भयंकर सूड उगवितो. ज्याला एवढे पुढचे दिसले त्यालाही सूड सुटला नाही. तो भाग शिकताना आम्हांला फार वाईट वाटे.)

आता आमच्या पाहण्यातील एक गोष्ट. गावाचे नाव सांगत नाही, कारण दोन्ही घरची मुलेबाळे अजून तेथेच नांदत आहेत. दोन घरे, मधे एक बोळ. दोघेही माळकरी, एकाच दिंडीतले. एकाच्या गळ्यात मृदंग, दुसऱ्याच्या हातात टाळ. एका घरचे विरजण संपले की दुसऱ्या घरून वाटीभर यायचे. पूर्वेकडच्याने घरामागे नवी न्हाणी बांधली. तिचे सांडपाणी बोळातून पश्चिमेकडच्याच्या दारावरून वाहू लागले. त्याने चांगल्या शब्दांत सांगितले, "पाण्याचे तेवढे बघा, बुवा." हा म्हणाला, "बघतो." आणि सुगी आली, राहून गेले. पुढे बायामाणसांत ते निघाले, आणि आवाज थोडा चढला. उत्तर आले, "आणि तुमच्या शेवग्याचे सुरवंट आमच्या अंगणात पडतात ते?" शेवगा वीस वर्षांचा होता. सुरवंट वीस वर्षे पडत होते. त्या दिवसापर्यंत ते कोणाला दिसले नव्हते!

मग एका रात्री शेवग्याची फांदी तुटली. मग कोंबडी हरवली. मग अंगणात उष्टे सापडले. यातले किती खरे, किती वाऱ्याने, किती मांजराने, पांडुरंगाला ठाऊक. पण आता प्रत्येक गोष्टीला कर्ता एकच होता. पारावर बसणारी मंडळी असतातच. "तो तुमच्याबद्दल असं असं म्हणत होता हो," एवढे सांगून ती तंबाखू मळायला मोकळी. दोघांनी पोलीस ठाण्यात एकमेकांविरुद्ध तक्रारी दिल्या. तेथे अदखलपात्र म्हणून नोंद झाली, कागदाची नक्कल मिळाली, ती दोघांनी घडी घालून जपून ठेवली. पुढच्या आषाढीला एकाने दिंडी बदलली. दोघे पंढरीला गेले, दोघांनी कळसाला हात जोडले, आणि वाळवंटात एकमेकांना टाळून परत आले.

त्यानंतरच्या पावसाळ्यात पश्चिमेकडच्याने आपल्या हद्दीत दगडमाती टाकून पाणी अडविले. पाणी उलटे फिरले ते पूर्वेकडच्याच्या गोठ्यात. रात्रीची वेळ, पाऊस, वीज गेलेली. हा फावडे घेऊन बांध फोडायला आला. तो कंदील घेऊन बाहेर आला. धाकटा भाऊ मधे पडला, सोडवायला. फावड्याचा दांडा त्याच्या डोक्यात बसला. मारणाऱ्याला तो मारावयाचा नव्हता, हे सगळे गाव सांगते. धाकटा वाचला, पण त्याचे अर्धे अंग गेले आणि वाचाही गेली. मारणाऱ्याचे दोन एकर वकिलांत गेले. पुढे ग्रामपंचायतीने त्या बोळात सिमेंटचे पाइप टाकले. काम अर्ध्या दिवसाचे होते.

आमच्या जुन्या धर्मशास्त्रकारांनी अठरा विवादपदे सांगितली आहेत, म्हणजे माणसे कशाकशावरून भांडतात त्याची जणू यादी. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात त्यांचा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी सीमेचा वाद. त्याच्या लगेच मागे वाक्पारुष्य, म्हणजे जिभेचा कठोरपणा. त्याच्या लगेच मागे दंडपारुष्य, म्हणजे हातातल्या काठीचा कठोरपणा. आणि चोरीचे प्रकरण संपले की साहस, म्हणजे उघड बलात्काराने केलेला अपराध. बांध, तोंड, काठी, रक्त. ग्रंथकाराने हा क्रम मुद्दाम लावला असेल वा नसेल, पण गावात तो असाच चालतो. सीमेविषयी तेथे असेही सांगितले आहे की, लोकांचा हद्दीवरून नेहमी घोटाळा होतो, तेव्हा वरच्या खुणांबरोबर जमिनीत राख, कोळसा, तूस, हाडे अशा न सडणाऱ्या गुप्त खुणाही पुरून ठेवाव्यात. म्हणजे बांध कोरणारा त्या काळीही होताच! सरकारी कायद्यातही पायऱ्या त्याच आहेत. १८६० चा भारतीय दंडविधान जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, कलमांचे आकडे बदलले. पण अपमान, साधी दुखापत, हत्याराने दुखापत, गंभीर दुखापत ही शिडी जागची हलली नाही. माणूस तोच, तेव्हा शिडी तीच.

भगवंतांनी गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ही शिडी आतून दाखविली आहे. विषयाचे ध्यान करता करता त्यात मन गुंतते, गुंतल्यावर हवेपणा येतो, तो अडला की क्रोध, क्रोधातून भ्रम, भ्रमातून स्मृतीचा नाश, आणि तेथून बुद्धी गेली की सर्वनाश. आम्ही हा भाग सांगतो तेव्हा श्रोत्यांना विषय म्हणजे बाई, बाटली आणि पैसा एवढेच वाटते. अहो, शेजाऱ्याचा दोष हाही विषयच आहे! त्याचे ध्यान जेवढे एकाग्र होते तेवढे विठ्ठलाचे कोणाचे झाले आहे? पहाटे काकड्याला बसावे तर त्याच्या न्हाणीचे पाणी ऐकू येते. हरिपाठ म्हणावा तर मनात त्याला द्यायचे उत्तर जुळत असते. आणि स्मृतीचा नाश म्हणजे तरी काय? वीस वर्षे वाटीने आलेले विरजण विसरले, बाळंतपणात रात्रभर जागलेली शेजारीण विसरली, आणि एका फांदीची तारीख, वार, वेळ मात्र पाठ! आठवण गेली असे नाही. आठवणीतले चांगले तेवढे नेमके गळून गेले.

याच ठिकाणी सोळाव्या अध्यायातला एक शब्द आम्हांला फार मोलाचा वाटतो. दैवी संपत्तीचे सव्वीस गुण तेथे मोजले आहेत. अभय, सत्य, अक्रोध, शांती यांवर सगळे बोलतात. त्यांच्यातच एक अपैशुन्य आहे, त्याच्याकडे कोणी फिरकत नाही. पिशुन म्हणजे चहाडखोर. अपैशुन्य म्हणजे दुसऱ्याचे उणे तिसऱ्याच्या कानी न घालणे. भगवंतांनी त्याला शांतीच्या लगेच शेजारी बसविले आहे, आणि माउलींनी ज्ञानेश्वरीत एकेक गुण उलगडताना यालाही सोडले नाही. दोन घरे आपसांत भांडली तर फार दिवस भांडत नाहीत, थकतात. पारावरचा तिसरा माणूस त्यांना थकू देत नाही. वारकऱ्याने मांस सोडले, मद्य सोडले, हे उत्तमच. पण पारावर बसून एकाचे बोलणे दुसऱ्याकडे पोहोचविले तर मेंढ्याच्या लोकरीला त्यानेच जाळ लावला.

आता मूळ कथेकडे येऊ. ही भानगड संतांच्या दारातही होऊन गेली आहे. महिपतीबुवा ताहराबादकरांनी १७७४ साली, म्हणजे शके १६९६ मध्ये, भक्तलीलामृत पुरे केले. त्यात तुकोबारायांचे जे विस्तृत चरित्र आहे त्यात मंबाजी गोसाव्याची हकीकत येते. मंबाजी देहूचाच. विठोबाच्या देवळाजवळ त्याची जागा, तेथे त्याने फुलझाडे लावली होती. तुकोबांच्या कीर्तनाला तो रोज येई, पण मनात जळे. तुकोबांच्या घरी सासरकडून आलेली एक म्हैस होती. ती एकदा मंबाजीच्या बागेत शिरली आणि तिने झाडे खाल्ली. बघा, सुरुवात कशी होते! वेदावरून नाही, वर्णावरून नाही, म्हशीवरून! मंबाजीने शिव्या दिल्या, तुकोबांनी ऐकून घेतल्या. मग त्याने बागेला काटेरी कुंपण घातले, ते असे की काटे देवळाच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर आले. एकादशी आली. भाविकांची दाटी होणार, अनवाणी पायांत काटे मोडणार, म्हणून तुकोबांनी ते काटे आपल्या हाताने बाजूला केले. मंबाजी धावून आला आणि त्याच काटेरी फांद्यांनी त्याने तुकोबांना मारले. एक मोडली की दुसरी घ्यावी, असे मारले. तुकोबांनी हात उचलला नाही, तोंड उघडले नाही. घरी गेल्यावर अंगातले काटे काढावे लागले.

येथे श्रोत्यांतून नेहमी एक शंका येते, आणि ती रास्त आहे. "महाराज, म्हणजे आम्ही मार खात बसावे काय? त्याने बांध कोरावा, वाट अडवावी, आणि आम्ही रामकृष्णहरी म्हणावे?"

नव्हे. नीट पाहा, तुकोबांनी काटे उपसले. वाट दहा जणांची होती, ती एकाने अडविली, ती मोकळी केली. मनात विठ्ठल असो म्हणून काटे तसेच राहू दिले नाहीत. शांती म्हणजे भित्रेपणा, असा अर्थ कोणी केला तर तो आम्हांला मान्य नाही. आपली हद्द हवी असेल तर भूमिअभिलेख खात्याची मोजणी आहे, ती मागवा आणि हद्दीचे दगड दोघांच्या देखत रोवा. शेताची वहिवाट किंवा पाण्याचा ओघ कोणी अडविला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दाद मागता येते. फावडे घेऊन रात्री जाण्याचे कारण नाही. गावात चार शहाणी माणसे असतील तर त्यांच्यापुढे बसा. १५ ऑगस्ट २००७ पासून शासनाने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम चालविली, तीत कित्येक गावांनी आपले तंटे आपणच मिटविले. कोर्टात गेलेले प्रकरणही लोकअदालतीत तडजोडीने मिटते; १९८७ च्या कायद्याप्रमाणे त्या निवाड्यावर अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. आणि जमिनीचा ताबा एकाचा नि सातबारा दुसऱ्याचा, असा गुंता बारा वर्षे चालला असेल तर अदलाबदल करून तो सोडवावा म्हणून महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये एक योजना काढली. मुद्रांक शुल्क अवघे १,००० रुपये, नोंदणी फी १,००० रुपये. तिचे नाव ठेवले 'सलोखा'. सरकारी कागदावर इतका गोड शब्द आम्ही क्वचितच वाचला आहे.

तेव्हा न्याय मागावा, जरूर मागावा. फक्त एक करावे. कागद तहसीलदाराकडे द्यावा, पण त्याची नक्कल मनात ठेवू नये. आता हे कसे साधावे? तुकोबांना ते कसे साधले? लोक म्हणतात, ते संत होते. पण संत होण्याच्या वाटेवर त्यांनी काय केले तेही महिपतीबुवांनी सांगितले आहे. वडिलांच्या सावकारीची कर्जखते घरात होती. धाकट्या कान्होबाने वाटणी मागितली. तुकोबांनी त्याचा अर्धा वाटा त्याच्या हाती दिला, त्याच्यावर आपला विरक्तीचा हट्ट लादला नाही. आणि आपला अर्धा वाटा इंद्रायणीत बुडविला. ज्याने पैशाचे येणे पाण्यात सोडले, त्याच्याजवळ काठ्यांचे येणे लिहून ठेवायला वही कुठून असणार? शेजाऱ्याचे वैर म्हणजे दुसरे काय हो? ती एक वही आहे. तुझ्याकडे एक शिवी येणे, माझ्याकडून एक फांदी देणे. रोज व्याज चढते, आणि सावकार दोघेही असतात, कुळही दोघेच.

आमचे वारकरी देहू-आळंदीहून पंढरीपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर चालतात. वाटेत भेटेल त्याला माउली म्हणतात, त्याच्या पायांवर डोके ठेवतात. तो कोण, कुठला, पुसत नाहीत. हे थोर आहेच. पण अनोळखी माणसाच्या पायांवर डोके ठेवणे सोपे आहे, कारण त्याच्या नावे आपल्या वहीत काही लिहिलेले नसते. बोळापलीकडच्या घराचा उंबरा दहा पावलांवर असतो, आणि तेवढी वाट काही केल्या सरत नाही.

तुकोबा ती दहा पावले त्याच रात्री चालून गेले. एकादशीचे कीर्तन उभे राहायचे होते. मंडळी जमली, टाळ वाजू लागले. तुकोबांनी पाहिले, मंबाजी आलेला नाही. अंगाला काटे बोचलेले, आणि याची जागा रिकामी दिसली म्हणून त्यांचा जीव लागेना. आधी निरोप पाठविला, तो आला नाही. मग स्वतः त्याच्या घरी गेले. नमस्कार केला, जवळ बसले आणि त्याचे अंग चेपू लागले. म्हणाले, माझ्यामुळे तुम्हांला राग आला, मारता मारता तुमचे हात दुखले असतील. आता कीर्तनाला चला. हे बोलणे टोमण्याचे होते काय? आम्हांला कित्येकांनी तसे विचारले आहे. टोमणा मारणारा पाय चेपीत नाही. मंबाजी शरमला, उठला आणि त्यांच्याबरोबर कीर्तनाला आला.

एवढ्याने मंबाजी निवळला, असे मात्र समजू नका. एका रात्रीत स्वभाव पालटतो असे सांगणारे कीर्तनकार पुष्कळ आहेत, आम्ही त्यांतले नाही. संत बहिणाबाई त्या काळात यजमानांसह देहूला येऊन राहिल्या होत्या. त्यांनी स्वतःची हकीकत आपल्या अभंगांतून सांगितली आहे, आणि ती डोळ्यांनी पाहिलेल्याची आहे. मंबाजीला वाटे, यांनी आपल्याला गुरू करावे. त्यांनी तुकोबांना गुरू मानले, म्हणून त्याने त्यांचाही छळ आरंभिला. त्यांची गाय नेली, घरात बांधून ठेवली आणि तिला बेदम मारले. मार गाईला बसला, आणि वळ तुकोबांच्या पाठीवर उठले, असे बहिणाबाई सांगतात.

॥ रामकृष्णहरी ॥